धावपट्टीवरचा बघण्याचा कार्यक्रम

"मुलीला आत आणू का?" असं विचारून सुमनआत्या दारातच थांबल्या.

मी फ्लाइंग स्कूलमध्ये ग्राउंड इन्स्ट्रक्टर आहे. म्हणजे विमानात बसण्याआधी जे वर्गात बसून शिकायचं असतं ते शिकवतो. हवामान, नकाशे, नियम, इंजिन. त्याआधी बरीच वर्षं विमानं दुरुस्त केली. प्रवेशाच्या चौकशीला येणाऱ्यांशीही मीच बोलतो, कारण मला बोलायला आवडतं आणि मला थांबवणं कुणाला जमत नाही. पण उमेदवाराला 'आत आणू का' असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"ती चालत येईल ना?" मी म्हणालो.

"येती की! पण तुमची माणसं बसली का समदी, म्हणून इचारलं."

माझी माणसं म्हणजे मी आणि एक टेबल फॅन. आम्ही दोघंही तयार होतो.

आधी शेंगापोळ्यांचा डबा आत आला. मागोमाग जळकोटचे भागवतराव, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, द्राक्षबागायतदार. त्यांच्यामागून त्यांची पुतणी ऋतुजा. इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, नजर जमिनीवर. आत्यांनी तिला बरोबर उजेडाच्या बाजूच्या खुर्चीत बसवलं. माझ्या सगळं लक्षात आलं. ऋतुजाच्या या लोहाऱ्याच्या आत्यांनी खानदानातल्या निम्म्या मुलींची लग्नं जमवली होती, हे मला नंतर कळलं. पण त्या खुर्चीवरूनच समोर कसलेला खेळाडू आहे हे ओळखू आलं. त्यांना प्रवेशाची मुलाखत म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मुलगी दाखवायचा कार्यक्रम मात्र त्या झोपेतही पार पाडू शकत होत्या.

"बारावी सायन्स," आत्यांनी सुरुवात केली. "फिजिक्स हाय, मॅथ्स हाय. अठरा पूर्ण. इंग्रजी चांगलं. स्वयंपाक..." इथं त्या अडखळल्या. "ते राहू द्या."

मलाही चेव चढला. मी खुर्चीत मागं रेललो आणि वरपक्षाच्या मामासारखा आवाज काढला. "आमच्या काही अपेक्षा नाहीत. फक्त मुलगी जमिनीवर परत आली पाहिजे."

ऋतुजा खुदकन हसली. आत्यांनी डोळे वटारले. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं हसायचं नसतं.

भागवतरावांनी कामाचा प्रश्न काढला. "सर, पायलट आन् एरोनॉटिकल इंजिनिअर, हे एकच का?"

"तुमच्याकडं ट्रॅक्टर आहे?"

"दोन हायेत."

"एकजण तो चालवतो, तो पायलट. एकजण दुरुस्त करतो आणि 'आता चालवायला हरकत नाही' अशी सही करतो. तो एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, आम्ही त्याला एएमई म्हणतो. आणि एकजण कंपनीत बसून पुढचा ट्रॅक्टर कसा असावा ते कागदावर काढतो. तो एरोनॉटिकल इंजिनिअर. त्याची चार वर्षांची डिग्री, प्रवेश परीक्षेतून. तिन्ही कामांना बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स लागतं."

"खर्च?"

"एएमईचं काही लाखांत भागतं. डिग्रीचं कॉलेज सरकारी की खासगी त्यावर. पायलटचा खर्च मात्र पन्नास लाखांच्या आसपास धरा. लायसन्ससाठी दोनशे तास विमान उडवावं लागतं आणि पेट्रोल तुमचंच जळतं. शिवाय नोकरीच्या आधी मोठ्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग असतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे पैसे वेगळे."

भागवतरावांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "बागेच्या पैशाचं बघून ठेवलंय. पोरीनं सहावीपासून हेच धरलंय. आज दिवस चांगला हाय, आजच चेक देतो."

तेवढ्यात पुण्याहून नाईकसाहेबांचा फोन आला. हे आमचे ॲडमिशन हेड. "ती जळकोटची पार्टी आली का? सीट लॉक करून टाका. मेडिकल काय, होत राहील."

"साहेब, आधी मेडिकल, मग फी."

"तुम्ही इन्स्ट्रक्टर आहात का वैद्य?"

"दोन्ही नाही. आज मी वरपक्ष आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. त्यांना काय वाटलं असेल ते असो.

मेडिकल म्हणजे काय ते इथंच सांगतो. पायलटची सरकारमान्य डॉक्टरकडून आधी क्लास टू तपासणी होते, नंतर आणखी कडक अशी क्लास वन. कान, हृदय, डोळे, सगळं. यात जो नापास होतो त्याचे पन्नास लाख आकाशातच राहतात. ऋतुजाची क्लास टूची वेळ दुसऱ्या दिवशीची होती, पुण्यात.

मी त्या तिघांना घेऊन बाहेर आलो. धावपट्टीच्या कडेला विंडसॉक असतो, वाऱ्यानं फुगणारी कापडी सोंड. वारा कुठून येतो ते ती दाखवते. मी सहज विचारलं, "ऋतुजा, विंडसॉक बघून सांग, वारा कुठून आहे?"

"पश्चिमेकडून, सर."

बरोबर. पण तिनं मान वळवलीच नव्हती. विंडसॉक डाव्या हाताला होता, ही समोर बघत होती आणि तिची ओढणी पूर्वेकडं फडफडत होती. पोरीनं वारा ओढणीवरून ओळखला होता! मनातल्या मनात मी तिला प्रवेश देऊन टाकला. आणि त्याच क्षणी मला तिच्या नजरेची शंकाही आली.

"आणि पलीकडं जे विमान उभं आहे, त्याच्यावरची अक्षरं वाच बरं."

"व्हीटी," ती ताडकन म्हणाली. भारतातल्या प्रत्येक विमानाचं नाव व्हीटीनंच सुरू होतं.

"पुढची?"

मागून खोकला आला. मग पुटपुट आली. "एस... मग आर हाय."

"एस, आर," ऋतुजा म्हणाली.

"शेवटचं?"

"के... के," खोकला म्हणाला.

मी वळलो. "आत्या, पायलट तुम्हाला व्हायचंय का?"

"वयाची अट काय हाय?" त्यांनी चेहऱ्यावरची रेष न हलवता विचारलं.

"नजर बघता घेतलं असतं तुम्हाला. हिचा चष्मा कुठाय?"

भागवतराव बुटाच्या टोकानं माती उकरू लागले. शेवटी आत्यांनी पर्स उघडली. पर्समध्ये रुमाल, रुमालात डबी, डबीत चष्मा. चांगला जाड.

"आत्या म्हणली, घालायचा न्हाय," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज आता लहान झाला होता. "मी म्हणलं होतं सांगू या म्हणून."

"काय चुकलं?" आत्या उसळल्या. "आमच्या गल्लीतल्या फौजीनं सांगितलं, चष्मेवाल्याला इमान देत न्हायत. आन् असलं आधी सांगायचं नसतंय, सर. एकदा पसंत पडली की हळूच सांगायचं. चार पोरी अशाच उजवल्या म्या. एकानं तरी परत पाठवली का?"

मी ऑफिसच्या दिशेनं हाक मारली. आमचे चीफ इन्स्ट्रक्टर बाहेर आले. हजारो तास उड्डाण केलेला माणूस, नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा.

"सर, एक मिनिट चष्मा काढता? त्या विमानावरची अक्षरं वाचून दाखवा."

त्यांनी चष्मा काढला, डोळे बारीक केले. "कुठलं विमान?"

भागवतरावांनी उकरायचं थांबवलं. आत्यांचं तोंड उघडं राहिलं.

"फौजी खोटं बोलला नाही," मी समजावलं. "लढाऊ विमानाच्या पायलटला नियम फार कडक आहेत. पण प्रवासी विमान चालवणाऱ्याला चष्मा चालतो. चष्मा लावून नीट दिसलं पाहिजे, एवढंच. चालत नाही ते लपवणं. उद्या पुण्यात डॉक्टर विचारणार, चष्मा आहे का. तिथं 'नाही' म्हणून खोटं सांगितलं आणि नंतर उघडकीला आलं, तर मेडिकल गेलं, वर खोटं बोलल्याचा डाग. मग कुठलंच फ्लाइंग स्कूल तिला वाचवू शकत नाही. चष्म्यानं काही बिघडणार नव्हतं. तुम्ही बिघडवत होता."

ऋतुजानं आत्यांच्या हातातून चष्मा घेतला आणि डोळ्यांवर चढवला. मग विमानाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मधलं अक्षर आर न्हाय, आत्या. पी हाय."

"माझ्याबी डोळ्याला पाणी येतंय आताशा," आत्या पुटपुटल्या.

ऋतुजा माझ्याकडं वळली. आता ती सरळ बघत होती. "सर, चष्मा चालतो. मग काय चालत न्हाय?"

असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला लाखात एक वाटतो, म्हणून मी गोड बोललो नाही. "रंग. लाल आणि हिरवा वेगळा दिसला पाहिजे. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून रंगीत दिवा दाखवतात. तो चुकला तर विमान चुकतं. यावर चष्मा नाही की औषध नाही. तपासलंय कधी?"

"न्हाय."

"मग उद्या कळेल. आणि काका, चेक खिशात राहू द्या."

"पण सर, आजचा दिवस..."

"डोळ्यांना पंचांग कळत नाही."

नाईकसाहेबांनी त्या दिवशी मला आणखी दोन फोन केले. दुसऱ्यात ते एवढंच म्हणाले, "पोरगी दुसऱ्या स्कूलला गेली ना, तर टार्गेट तुमच्या नावावर टाकतो." मी बरं म्हणालो. माझ्या नावावर याहून वाईट गोष्टी आहेत.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ढगांचे प्रकार शिकवत होतो आणि स्वतःच्याच फोनकडं बघत होतो, जे मी मुलांना करू देत नाही. दुपारनंतर फोन वाजला. पोरांना म्हटलं, "ढग थांबतील," आणि उचलला.

"सर, ऋतुजा. फिट म्हणले."

"रंग?"

"सगळे ओळखले. ठिपक्यांतले आकडे होते, फटाफट सांगितले. डॉक्टरांनी अट घातली, उडताना चष्मा लावायचाच आन् दुसरा जवळ ठेवायचा."

"चष्म्याबद्दल त्यांनी विचारायच्या आधी सांगितलंस की नंतर?"

"आत गेल्या गेल्या, सर. खुर्चीत बसायच्या बी आधी."

पुढं क्लास वनही झालं. फी भरली गेली, नाईकसाहेब माझ्याशी पुन्हा बोलू लागले. ऋतुजानं एकटीनं पहिली चक्कर मारली तेव्हा विमान इतकं अलगद टेकलं की माझी नेहमीची टीका वाया गेली.

चौकशीला येणाऱ्यांना आता मी खर्चाच्या आधी हेच सांगतो. तुम्हाला काय दिसत नाही, काय ऐकू येत नाही, काय दुखतं, ते पहिल्या दिवशी बोला. लग्नात नंतर सांगून भागतं, कारण तिथं समजूत काढायला दोन्हीकडची माणसं असतात. तीन हजार फुटांवर मध्यस्थ नसतो.