पहिल्या पंगतीचा माणूस

ते अड्याळला आमच्या शाळेसमोर राहतात. कोणाचंही लग्न असो, ते पहिल्या पंगतीत, बुंदीची बादली जिथून निघते त्याच टोकाला बसतात. बोलताना आधी ‘मी काय म्हणतो’ म्हणतात आणि समोरचा हो म्हणेपर्यंत पुढे सरकत नाहीत. दोनदा ग्रामपंचायतीत निवडून आलेले, म्हणून पहिलीच्या पोरांना नेता म्हणजे कोण ते सांगायला मीच त्यांना वर्गात बोलावलं.

“मी काय म्हणतो पोरायनो, जो सगळ्यायच्या समोर राहते, तो नेता.”

तेवढ्यात खिचडीची घंटा झाली. सगळी पोरं एकदमच नेता व्हायला धावली, दाराशी अडकली, दोघं रडायला लागली.

“तसं नाही बाप्पा,” ते घाईनं म्हणाले. “सगळ्यायचं झाल्यावर जो जेवते, तो नेता.”

मग एकही पोरगं ताट पुढे करेना. शेवटी त्यांनी सांगितलं, “नेता मी आहो. तुम्ही जेवा.” तेव्हा कुठे पोरं जेवली.

पुढे सानगडीच्या एका लग्नात मीही होतो. ते नेहमीच्या जागी बसले. पत्रावळीवर बुंदी पडली. तोच समोरच्या ओळीतली आमच्या पहिलीतली मुलगी त्यांच्याकडे बोट दाखवून आईला म्हणाली, “माय, थे पाय नेता. थे सगळ्यायच्या मांगून जेवते.”

पंगत त्यांच्याकडे पाहू लागली. ते उठले, वाढप्याच्या हातातली बादली घेतली आणि शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिले. त्यांच्या वाट्याला बुंदी उरली नाही.

नुसता वरणभात कालवत ते माझ्याकडे वळले. “सर, मी काय म्हणतो.”

मी हो म्हणालो.

“पुढच्या साली दुसऱ्याले बोलवा.”