दादाचं निळं सायकस

माझा थोरला भाऊ कवळ्या करायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि दादा घरामागच्या खोलीत मेणात एकेक दात बसवत बसायचा. आमच्या भागात साठीच्या पुढचं कुणी हसलं की वहिनी म्हणायची, "हे आपल्याकडचं." दादाचं बोलणं कमी, नजर बारीक आणि हात इतका हलका की डोळ्यात कण गेला तरी लोक त्याच्याकडे यायचे. अशा माणसाला खूळ लागावं ते सायकसचं!

सायकस तुम्ही पाहिलं असेल, मोठ्या हॉटेलांच्या दारात ठेवतात. खाली खवल्याखवल्यांचं गोल खोड, वर ताठ पानांचा घेर. पानं येणार वर्षातून एकदा, तीही त्याच्या मनात आलं तर. काही झाडं नर, काही मादी. आमच्याकडे हिवाळ्यात बादलीतलं पाणी गोठतं, त्यात भलीभली सायकसं हाय खातात. दादाला कुणीतरी सांगितलं, डोंगराकडची एक निळसर पानांची जात थंडीला भीक घालत नाही. झालं! त्या जातीच्या नराचे पराग त्याने टपालाने मागवले आणि फ्रीजमध्ये लोण्याशेजारी ठेवले. वहिनीने दोन दिवस अबोला धरला. मग अंगणातल्या मादीच्या डोक्यावर कोबीसारखा लोकरी गड्डा आला, तो सैल झाल्यावर दादाने आपल्या कामाच्या ब्रशने ते पराग आत फिरवले. बिया धरल्या चौदा, रुजल्या तीन, जगलं एक. अकरा वर्षांत ते नारळाएवढं झालं. पानं मात्र खरोखर निळसर होती.

महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये झाडवेड्यांची बैठक भरायची. तिथले पुढारी म्हणजे चित्रकलेचे मास्तर, आता निवृत्त. ते म्हणायचे, "निळा रंग लहानपणीचा हो. मोठं झालं की हिरवं होणार. कसला संकर नि कसलं काय!" दादा म्हणायचा, "बघू." आयुष्यात त्याने फुशारकी अशी एकच मारली होती, की हे झाड मी जुळवून आणलंय. ती खरी ठरायची त्या एका झाडावर.

तीन वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात दादाला ऑपरेशनसाठी मोठ्या शहरात जावं लागलं. वहिनीही सोबत गेली. मी चार घरं सोडून राहते, पडदे शिवते. दादाने मला अंगणात उभं करून बजावलं, "कडाका पडणार असं कळलं की गोणपाट गुंडाळ. आणि समजा पानं जळलीच, तर घाबरू नकोस. खोडाला हात लावायचा नाही. खोड जिवंत असतं."

"कळलं रे बाबा," मी म्हटलं. "मी काय कुकुलं बाळ आहे?"

रोज फोन यायचा. पहिला प्रश्न काय, तर "झाड कसं आहे?" माझी कंबर धरली होती, मशीनवर बसवत नव्हतं, त्याची विचारपूस नाही. मला असा राग आला! रेडिओवर कडाक्याची बातमी लागली त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले नाही. एका दिवसाने काय होतंय, म्हटलं. एकाचे तीन दिवस झाले. चौथ्या सकाळी गेले तर पानं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी.

तेव्हा तरी गप्प बसायचं! पण मी खोडाच्या डोक्यावर अंगठा दाबला, तर तो आत रुतला. मऊ, ओलं. मला वाटलं, कुजलं. सायकसच्या डोक्यावर नेहमीच लोकर असते, ती भिजली की तशीच लागते, हे मला कुठे ठाऊक? खात्री करायला म्हणून मी ते उपटलं. उपटल्यावर परत लावायची हिंमत झाली नाही.

पुढचं सांगताना आजही कान तापतात. माझं काम पडदे जुळवण्याचं, एका पट्टीची नक्षी दुसरीला अशी भिडवते की शिवण सापडत नाही. तीच नजर घेऊन मी नर्सरीत गेले आणि त्याच घेराचं, त्याच उंचीचं साधं सायकस शोधून आणलं. पानं सगळी छाटली, दादाच्या खड्ड्यात लावलं, वर गोणपाट बांधलं. जुनं खोड माझ्या परसात फाटक्या पडद्यांच्या ढिगाखाली कोंबलं.

दादा काठी टेकत घरी आला तो आधी अंगणात. "पानं जळली होती रे, छाटून टाकली," मी म्हटलं. त्याने खोडाला हात लावला आणि म्हणाला, "बरं केलंस. खोड राखलंस." वर वहिनीला म्हणाला, "हिला म्हणावं, बस, जेवूनच जा." मी जेवले. निर्लज्जासारखं दोनदा वाढून घेतलं.

उन्हाळ्यात नवी पानं आली. हिरवीगार, कडा आत वळलेल्या, हॉटेलाच्या दारातल्यासारखी. दादा भिंग घेऊन रोज बसायचा. आठवडाभराने त्याने झाडाशी खोचलेली 'संकर' लिहिलेली पाटी काढली. मग बैठकीला जाऊन उभा राहिला. मी सोबत होते, त्याला धरायला. तो म्हणाला, "मास्तर बरोबर होते. माझं झाड साधंच आहे. अकरा वर्षं मी तुम्हाला भलतंच सांगत आलो. माफी असावी." मास्तर खो खो हसले, त्यांच्यामागे सगळा हॉल. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचे दात दादाने केलेले. मास्तरांचे तर वरचे खालचे, दोन्ही. मी दादाचा दंड धरून मान खाली घालून उभी राहिले. एक शब्द बोलले असते तर ते हसू बंद झालं असतं. नाही बोलले.

उन्हाळा सरताना ढिगातून पडदा ओढला तर खाली पानं! वेडीवाकडी, पांढुरकी, उजेडाच्या फटीकडे वळलेली. माती नाही, पाणी नाही, तरी खोड जिवंत होतं. दादाने सांगितलं होतं तेच. उन्हात ठेवलं तशी चार दिवसांत ती निळी झाली. मी ते कुंडीत लावून दादापुढे ठेवलं आणि रडत सगळं ओकले.

तो बराच वेळ पानावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. लोक तुला नावं ठेवतील. माझं काय, होऊन गेलं."

आणि मी "बरं" म्हटलं! झाड उपटलं ते घाबरून, फसवलं तेही घाबरून. पण हे "बरं" मी थंड डोक्याने म्हटलं, त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पुढची दोन वर्षं कुणी त्या कुंडीबद्दल विचारलं की दादा सांगायचा, "बहिणीने दिलंय."

परवा मी दादाकडे होते, तेव्हा मास्तर कवळी घासून घ्यायला आले. कुंडीपाशी थबकले. पानं उलटीपालटी करून पाहिली. "हा तर खरा संकर! कुठून आणला?"

"बहिणीने दिलंय," दादा म्हणाला.

"ताई, हाताला गुण आहे हो तुमच्या! पुढच्या बैठकीला या, सगळ्यांना सांगा कसं केलंत ते."

दादाने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. नको म्हणून. त्या मान हलवण्याने माझा जीव नको नको झाला. मी म्हटलं, "मास्तर, बसा. बैठकीला येईनच, पण आधी तुम्ही ऐका." आणि रेडिओवरच्या बातमीपासून सगळं सांगितलं. दादा मध्येच उठून आत गेला.

मास्तरांची कवळी टेबलावर वाटीत होती. त्यांनी ती उचलली, पण तोंडात घातली नाही. बोळक्या तोंडानेच म्हणाले, "दात त्याचे होते, ताई. हसलो मी."

मास्तरांना निदान ऐकल्याबरोबर लाज वाटली. मला तोंड उघडायला अडीच वर्षं लागली.