कानाच्या टोकावरचा थेंब

प्राण्यांच्या दवाखान्यात रक्त तपासता तपासता ताईंची एकवीस वर्षं गेली होती. मान कायमची आखडलेली, चष्म्याचा नंबर दर वर्षी चढता, आणि मांजरांबद्दल मत एवढंच, की रक्त द्यायला ही जात महाकंजूष. ताईंचा रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं डॉक्टर म्हणत. त्या कौतुकाचाही हल्ली ताईंना शीण येई.

दुपारी डॉक्टर दारातून डोकावले.

"पोस्टमास्तरांच्या मांजरीला चार वाजता इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचंय. ताप हटत नाही, हिरड्या पांढऱ्याफटक. तुमच्या स्लाइडमध्ये जंतू नाहीत, म्हणजे हाडांतच रक्त बनत नसणार. कशाला हाल करायचे?"

काल रक्त काढलं होतं सकाळी आणि त्यांनी स्लाइड केली संध्याकाळी. तांबड्या पेशींना चिकटणारे हे जंतू, रक्त नळीतल्या न गोठू देणाऱ्या औषधात फार वेळ राहिलं, की पेशी सोडून देतात. मग दिसत नाहीत. नवशिक्यांना हे त्याच बजावून सांगायच्या. काल मात्र घरी जायची घाई होती, जीव कंटाळला होता, आणि त्यांनी नुसत्या पाट्या टाकल्या होत्या.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? क्षणभर तेही मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

"डॉक्टर, माझा रिपोर्ट खरा धरू नका. रक्त शिळं होतं. मी आत्ता परत बघते."

टेबलावर मांजरी चिंधीसारखी पडली होती. शेजारी म्हातारे पोस्टमास्तर, संमतीच्या कागदावर सही करून बसलेले. ताईंनी तिच्या कानाच्या टोकाला सुई टोचली. एरवी नखं मारली असती. तिनं हूं की चूं केलं नाही. थेंब तिथेच काचेवर ओढला. काचेवर लावायच्या रंगाचा गाळही जंतूंसारखाच दिसतो, म्हणून रंग दोनदा गाळून घेतला. भिंगाखाली तांबड्या पेशींच्या कडांना बारीक निळे ठिपके चिकटलेले होते. दुसऱ्या काचेवरही तेच.

"औषध आहे यावर," डॉक्टर म्हणाले. "रक्त चढवू. बहुतेक वाचेल."

पोस्टमास्तरांनी डोळे पुसले. "मग काल कसं नाही दिसलं?"

"कधी कधी असं होतं, की—" डॉक्टर सावरून घ्यायला लागले.

"काल मी नीट पाहिलं नाही," ताई म्हणाल्या.

ताईंचा हात मांजरीच्या पाठीवर होता. पोस्टमास्तरांनी तो मनगटाला धरून उचलला, आणि बाजूला ठेवला.