कोंडवाड्यातली बोली

त्या लिलावाचा विषय निघाला की मला आजही आधी माझी फजिती आठवते. कापसाच्या तेजीचे दिवस. मी पुण्याकडून अमरावतीच्या ठाण्यावर नवाच आलेला. कोंडवाड्यातल्या बेवारस बैलजोडीचा लिलाव होता. कोणी तोंड उघडेना, म्हणून मीच म्हणालो, "अरे, निदान वीस रुपये तरी!"

"साहेबाची बोली वीस!" गर्दीतून आवाज आला आणि हशा पिकला. लिलावात आकडा उच्चारला की ती बोली, मग तो ठाणेदाराने का उच्चारलेला असेना, हे मला तेव्हा कळलं.

एका कापूसव्यापाऱ्याने एकवीस म्हटलं. गाठी अकोल्याला न्यायला बैल मिळत नव्हते, तरी बाकीचे गप्प! मला शंका आली. दोन वार झाले, तोच वलगावची एक माळीण धापा टाकत आली.

"साहेब, माहे बैल हायेत! कोनं तरी दावं कापून नेले. मोट बंद हाये, वांगे-मिरच्या सुकून राह्यल्या!"

"बोली लागली, साहेब," व्यापारी म्हणाला. "आता काय उपयोग?"

"तिसरा वार झाल्याशिवाय बोली म्हणजे सौदा नव्हे." एवढं मात्र मला येत होतं.

बैल कोणाचे, विचारलं तर सगळे जमिनीकडे बघू लागले. तेव्हा मला कापसाचा बाजार आठवला. तिथे रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून बोली करतात. शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. मी हातावर रुमाल टाकला. "बैल हिचे असतील तर एक बोट दाबा. नसतील तर मूठ."

एकेक जण आला. एक बोट. पुन्हा एक बोट. पुन्हा तेच! शेवटी व्यापाऱ्याचा गाडीवान आला. त्याने बोट दाबलं ते सोडेचना.

"काहून रे?" ठाण्यातला जमादार खेकसला.

"दावं म्याच कापलं, बैल कोंडवाड्यात म्याच आनून घातले," तो रडवेला झाला. "शेटजीनं सांगलं. कोनी बोली वाढवू नये म्हनून समद्याइले दम देल्ला."

मग काय, तोंडंही उघडली. पंचनामा झाला, जबान्या झाल्या, व्यापारी कोठडीत गेला. मी घसा फोडून ओरडलो, "तीन वार! मालकीण हीच!" माळीण बैल हाकत निघाली, तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या.

माणसाला खरं सांगायचंच असतं, फक्त आडोसा लागतो, हे मी त्या दिवशी शिकलो. घरी हे तीनदा सांगून झालं. बायको भाकरी थापत ऐकत होती.

"ते सगळे शेटजीलाच भ्याले होते कशावरून?" ती म्हणाली. "तुमच्या ठाण्यात बोलायचं तर मलासुद्धा रुमाल लागेल."