बाराच्या पहाऱ्याला कुणी उठेना

निवडणुकीत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकच वाक्य लिहिलं होतं: सप्ताहाच्या मांडवात प्रचार नको. झालं! दोन्ही पार्ट्या माझ्यावर तुटून पडल्या. भजनी मंडळ आधीच फुटलेलं, खापर माझ्या माथी. मग बाबा गेले आणि देवाचं नाव घ्यावंसंच वाटेना. तरी यंदा सप्ताहाला निघाले. गावात आपल्याला अजून कुणी आपलं म्हणतं का, एवढंच बघायचं होतं.

हैदराबादहून सकाळची बस धरा. आदिलाबादला सहा-सात तास लागतात. निर्मलला पोटभर खाऊन घ्या, नेरडीगोंड्याला बस थांबेलच असं नाही. पुढे तलमडुगुकडे शेअर ऑटो. दुतर्फा कापूस, रस्ता छान, खड्डे सोडून. मुक्काम चुलतबहिणीकडे. गरम भाकरी-ठेचा वाढता वाढता ती म्हणाली, "मांडवात मागंच बस वो. उगाच कोणी काई बोलंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एक जण ती गळ्यात घालून उभा राहतो. दोन तासांनी दुसऱ्याच्या गळ्यात देतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. बारा ते दोन हा पहारा वर्षानुवर्षं बाबांचा. यंदा तो एका पार्टीकडे गेलेला, आणि दहापासून उभे होते दुसऱ्या पार्टीचे नामदेवकाका. त्यांच्या पाया कोण पडणार! एक वाजून गेला. सत्तरीच्या काकांचे पाय लटपटत होते आणि मांडवभर माणसं टाळ वाजवण्यात दंग. असा संताप आला मला!

उठून पुढे गेले. "काका, द्या इकडं."

"तू? ग्रुपवर लय लिवलं होतं तू."

"लिहिलं होतं. आणि खरं सांगते, बाबा गेल्यापासून माझा देवावरही विश्वास नाही."

"मंग काऊन आली?"

"तुम्ही पडाल म्हणून."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाईमाणूस..."

काकांनी तिकडं बघितलंही नाही. "घे पोरी. तुया बापाचा पहारा हाय."

वीणा गळ्यात आली. मी वाकले, उठले, तोवर काका खांब धरून खाली बसले आणि गावादेखत माझ्या पायांवर डोकं टेकलं. मला रडू आवरेना. दोन वाजता वीणा घ्यायला तोच पुटपुटणारा आला. क्षणभर घुटमळला, मग वाकला.

परतून दोन आठवडे झाले. मंडळं अजून दोनच आहेत, ग्रुपवर भांडणंही चालू. देवाचं माझं काही ठरलेलं नाही. परवा काकांचा फोन आला. "पुढच्या सालचे पहारे लिवून राह्यलो. बाराला कोणाचं नाव टाकू?"

"माझंच टाका," मी म्हणाले.