रोज अकराला

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं नेटवर्क निशा कांबळे सांभाळायची. महिनाभर रोज अकराच्या सुमाराला कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर गपगार पडत. वजनकाट्यावर ट्रकांची रांग लागे, ड्रायव्हर हॉर्न बडवत, आणि प्लांट मॅनेजर संग्राम इंगवले थेट तिच्या टेबलाशी येऊन उभे राहत.

"ओ मॅडम, झेपत नसंल तर सांगा की. सर्टिफिकिटं काय, कुणालाबी मिळत्यात. सवलतीत!"

आजूबाजूचे हसले. 'सवलतीत' हा शब्द कुठून येतो, ते निशाला शाळेपासून ठाऊक होतं. दातावर दात ठेवून ती उठली.

कारखान्याच्या नेटवर्कचा नकाशा कुणाकडेच नव्हता. तीन दिवस ती वायरींच्या मागं फिरली. भट्टीजवळून, क्रेनखालून, वाळूच्या ढिगाऱ्यातून. सात स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायचे डबे, एकमेकांच्या शेपटीला बांधल्यासारखे जोडलेले निघाले. पॅकिंगमधला साधा निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचायला सहा डबे ओलांडायचा. हे वाईट होतं, पण रोज अकरालाच का?

चौथ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन पॅकिंग ऑफिसबाहेर थांबली. अकराला क्लार्क बाळासो आला, कुलूप काढलं, बटणं दाबली. पंखा फिरला, आणि टेबलाखाली एका लहान स्विचचे दिवे लागले. त्याच क्षणी लॅपटॉपवरचे आकडे उसळले. तोच तो निरोप हजारो वेळा फिरत होता.

निशा टेबलाखाली वाकली. एक वायर पॅकिंगच्या स्विचला गेलेली. दुसरी छतातून थेट गेटवरच्या स्विचला.

"ही कुणी ओढली?"

"यशराजनं की, गेल्या महिन्यात कॅमेरे बसवताना. म्हणला, एक तुटली तर दुसरी असावी."

यशराज म्हणजे संग्रामचा मेहुणा, कारखान्यातल्या वायरिंगचा ठेकेदार. निशानं ती गेटची वायर उपटली. मिनिटाभरात काट्यावरचा ट्रक हलला.

"निरोपाचा रस्ता गोल झालता, साहेब," तिनं संग्रामच्या केबिनमध्ये सांगितलं. "हे जुने डबे आलेला निरोप सगळीकडं पुढं ढकलतात. तो फिरून परत येतो, परत ढकलतात. त्या गर्दीत कामाचा निरोप अडकतो."

"बरं. रिपोर्टात लिहा, लाईटच्या चढउतारानं झालं."

"यशराजच्या वायरीनं झालं."

"घरातलं माणूस हाय ते!"

"तुमच्या घरातलं. मी खोटं लिहिणार न्हाय."

"मग इथं कशी टिकताय बघतो."

"बघा."

नकाशासकट रिपोर्ट तिनं सरळ मालकांना धाडला. मालकांचा हुकूम आला: प्रत्येक विभागाची वायर स्वतंत्र, मधल्या एकाच मोठ्या स्विचला आणा, म्हणजे एक विभाग पडला तरी बाकीचे चालू राहतील. आणि हे काम दिलं कुणाला? यशराजलाच. तपासणी निशाची.

काम तीन आठवडे चाललं. निशा वायर तपासून चूक दिसली की लाल खूण करी; यशराज शिव्या पुटपुटत पुन्हा ओढी. गेटची वायर तिनं तीनदा नाकारली. तिसऱ्यांदा त्यानं पक्कड फरशीवर आपटली. ती जागची हलली नाही.

अकराचं बंद पडणं थांबलं. तिला कुणी शाबास म्हटलं नाही. संग्राम आता लांबूनच "ओ नेटवर्क!" अशी हाक मारतात. निशा मान वर करत नाही. "कांबळे मॅडम" म्हणेपर्यंत त्यांना तिथंच उभं राहावं लागतं.