अजून जरा पातळ

मालतीबाई कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी दार, टेबल, कपाट बोटाने ठोकून बघायच्या. फणस घेताना आपण ठोकतो तसं. बसल्या तरी एका जागी पाच मिनिटं नाहीत. राजापूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर गाणं शिकवलं. माझ्या सुतारशाळेत पहिल्यांदा आल्या, तेव्हा नव्या दारावर टकटक करून म्हणाल्या, "मेस्त्री, मुकं आहे हो हे."

"बाई, दार आहे ते. बोलायला लागलं तर गिऱ्हाईक परत आणील."

मी तिसरी शिकलेला. पण माझं दार पावसात फुगत नाही, वाऱ्यात वाजत नाही. लाकडाला गप्प बसवणं हाच माझा धंदा.

पुराचं पाणी त्यांच्या खोलीत शिरलं आणि तंबोऱ्याची पुढची फळी फुटली. भोपळा तेवढा वाचला. छातीच्या उपचाराला त्यांना मुंबईला लेकीकडे जायचं होतं. "तिथे दुसरं काही नको मला, हा एवढा उशाशी हवा," म्हणाल्या. मी फणसाची चांगली जाड फळी बसवली, शिवाय आतून आधाराला दोन पट्ट्या मारल्या. पट्ट्या कुणी सांगितल्या नव्हत्या.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तार छेडली. पाटावर बोट आपटावं तसा आवाज.

"मेस्त्री, तंबोऱ्याचा पाट केलात!"

"शंभर वर्षं ढिम्म हलायची नाही."

"अहो, हलायलाच हवी! नुसती तार दोन खिळ्यांना ताणून छेडा, तिच्यापेक्षा डास मोठा बोलेल. तार तिच्याखालच्या घोडीला हलवते, घोडी फळीला, फळी आतल्या हवेला. तुम्ही मधेच हात धरून ठेवलात."

"चाळीस वर्षं रंधा मारतोय. मला लाकूड शिकवू नका."

त्या हसल्या. सुतारशाळेत दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, "पातळ करा. फोनवर ऐकवा." आणि रिकाम्या हाताने एसटीत बसल्या.

आठ दिवस मी हात लावला नाही. जेवताना उठायचो, तंबोऱ्याकडे बघायचो, परत बसायचो. नवव्या दिवशी फळी उचकटून पट्ट्या काढल्या, फळी पुन्हा चिकटवली, काचेच्या तुकड्याने वरून खरवडली आणि फोन लावला.

"फोनवरून काय कळणार तुम्हाला?"

"फोनवरून फणससुद्धा कळतो मला. वाजवा."

वाजवली. "अजून जरा पातळ."

मग रोज तेच. तार काढायची, खरवडायचं, तार चढवायची. रोज "अजून". फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने घोडी आत बसेल, ही धास्ती. त्यांचा आवाज बसत चालला होता. एक दिवस त्यांनी तंबोऱ्याबरोबर सूर धरला, खोकल्या, म्हणाल्या, "आलं मेस्त्री, उंबऱ्यापर्यंत आलंय. अजून जरा."

दुसऱ्या दिवशी फोन लेकीने उचलला. "आई पहाटे गेली, काका." मग तिने विचारलं, "तंबोरा झाला का हो?"

"झाला," म्हटलं. गिऱ्हाइकाशी मी असं खोटं कधी बोललो नव्हतो.

तंबोरा तुमच्याकडेच ठेवा, असं ती म्हणाली. येणारे-जाणारे म्हणतात, झकास वाजतो. त्यांना काय कळतंय! मी काच हातात घेतो, खाली ठेवतो, पुन्हा घेतो. काल त्याच्यासमोर बसलो आणि कधी कुणाला म्हटलं नाही ते म्हटलं, "बाई, चूक माझी होती."

हात न लावता, नुसत्या माझ्या आवाजाने तारा घुमल्या. नीट, बराच वेळ घुमल्या.

अजून पातळ करायची का, ते मात्र कळलं नाही.